संडासाच्या हिरव्या सपाता

माझा नवरा मोरिओ रेल्वेत ड्रायव्हर आहे. किनाऱ्यालगत धावणारी दोन डब्यांची गाडी चालवतो. पांढरे हातमोजे घालून दिसेल त्या खुणेकडे बोट दाखवतो आणि मोठ्याने म्हणतो, "सिग्नल, हिरवा. दारं, बंद." केबिनमध्ये ऐकायला कुणी नसलं तरी म्हणायचं, असा नियमच आहे. आजवर त्याच्या हातून एकही खूण सुटली नाही म्हणून त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी चौकट करून भिंतीवर लावलं. ते तिथे आहे, हे त्याला अजून माहीत नाही.

घरी हा माणूस ठार आंधळा. सोया सॉसची बाटली नाकासमोर ठेवून मला विचारणार, बाटली कुठाय. पडदे बदलले, कळलं नाही. केस खांद्यापर्यंत कापले, कळलं नाही. एकदा चिडून जेवणाचं टेबलच फिरवून ठेवलं, तर भिंतीकडे तोंड करून मुकाट्याने जेवला आणि भात छान झालाय म्हणाला. मी हसू की रडू?

हे सगळं मी चालवूनही घेतलं असतं. पण गेल्या हिवाळ्यापासून माझे वडील, गेन्साकु, आमच्याकडे राहतात. त्यांना आता आठवत नाही, आणि उठले की चालू लागतात. शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी झाली होती. हो की नाही ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. मला त्यांना पाठवायचं नव्हतं. मी सकाळी टोफूच्या दुकानात कामाला जाते. इतर दिवशी बाबांना म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राची गाडी घेऊन जाते, फक्त बुधवारी येत नाही. बुधवारी मोरिओला सुट्टी असते, म्हणजे बाबांवर लक्ष मोरिओ ठेवणार. यातच सगळं आलं.

त्या बुधवारी मासळीबाजारातली ओकिनोबाई बाबांना हाताला धरून थेट आमच्या दुकानात घेऊन आली. धक्क्याच्या अगदी कडेला उभे होते म्हणाली, वाऱ्यात, अंगात स्वेटरसुद्धा नाही. मी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. संडासाच्या हिरव्या सपाता. आमच्याकडे या सपाता संडासाच्या दाराबाहेर येत नाहीत. शेंबडं पोरसुद्धा त्या घालून खोलीभर अंथरलेल्या चटईवर पाय ठेवणार नाही. बाबा त्या घालून बाहेर आले, बैठकीच्या खोलीतून चालत गेले आणि दार सरकवून निघून गेले. खोलीत मोरिओ होता.

आम्ही घरी पोचलो तेव्हा तो संत्रं सोलत पेपर वाचत होता. बाबा कुठे आहेत, असं मी दारातूनच विचारलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाला, आत असतील.

"अहो, संडासाच्या सपाता घालून ते तुमच्या नाकासमोरून गेले. चटईवरून."

"माझ्या लक्षात नाही आलं."

"रुळावरचं मांजर बरं लक्षात येतं."

"तिथे नाही बघितलं तर माणूस मरतो, किनुए."

"आणि इथे?"

त्याने सोललेलं संत्रं तसंच खाली ठेवलं.

मला सगळं दिसतं, ते काही मी हुशार म्हणून नाही. लहानपणी बाबा दार कसं सरकवतात त्यावरून मी ओळखायची, आज पिऊन आलेत की नाही, धाकट्या भावाला कपाटात लपवायचं की नाही. मोरिओ तीन बहिणींच्या पाठचा. बघायची वेळच कुणी त्याच्यावर येऊ दिली नाही. ज्याला धाक असतो त्याला दिसतं, एवढंच आहे ते. ज्यांच्या धाकाने मला हे डोळे मिळाले, त्यांच्यावरच आता ते लावून बसायचं. याचा मला फार राग येतो, आणि तो काढायचा कुणावर ते कळत नाही.

"शुक्रवारी मी हो म्हणून कळवणार," मी म्हटलं. "एकटीने बघून बघून मी थकले."

गुरुवारी सकाळी कामावर निघण्याआधी मोरिओ हातमोजे घालून मधल्या दारात उभा राहिला. बोट लांब केलं. "बाबा, अंथरुणात. सपाता, संडासात. दाराची कडी, लावलेली." थट्टा करतोय असं वाटून मी लाटेसारखी अंगावर जाणार होते, पण त्याचे कान लालबुंद झाले होते. आतून बाबा ओरडले, कोण बोंबलतंय सकाळी सकाळी. संध्याकाळी परत तेच. जेवताना "सोया सॉस, समोर" म्हणाला तेव्हा मी कपाळावर हात मारला.

शुक्रवारी तो लवकर घरी आला होता. मी दुकानातून आले आणि फोन करण्याआधी जरा पाय गरम करावेत म्हणून खाली शेगडी असलेल्या टेबलापाशी, त्यावरच्या रजईत पाय घालून बसले. जाग आली तेव्हा खिडकीतला उजेड कमी होत आला होता. बाबांचं पाऊल, दार, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तेवढ्यात दारातून दबका आवाज आला.

"बाबा, चहा पितायत. सपाता, जागेवर." बोट माझ्याकडे वळलं. "किनुए, झोपली आहे. केस..." तो अडखळला. "केस कापलेत."

"सप्टेंबरात," मी डोळे न उघडता म्हटलं.

मग हात लांब करून फोन ओढला आणि आश्रमाला सांगितलं, जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. मोरिओ बोट रोखून उभाच होता. म्हटलं, हात खाली घ्या आता. रजई गळ्यापर्यंत ओढली आणि बाबा कुठे बसलेत ते न बघता परत झोपले.