खड्ड्यातलं खत

मागच्या अंगणातलं लॉन तणाने पार गिळलं होतं. गुडघ्यांवर बसून मी ते तण खुरप्याने मुळासकट उपटलं. नखांत चिखल, बोटांवर चिरडलेल्या गोगलगाईंचा चिकट बुळबुळीतपणा. नवरोबा हातमोजे चढवून उपटलेलं तण खताच्या खड्ड्यात टाकत होते.

"अहो, त्याला बी धरलंय. जाळून टाका."

"फुकटचं खत कुणी जाळतं का?" म्हणे. उंटावरचे शहाणे!

मी नवं गवत लावलं. ते जरा रुजतंय तोच, माझी पाठ वळल्यावर यांनी तेच अर्धवट कुजलेलं खत लॉनभर पसरलं. शी! काय ती घाण! माश्या थेट माझ्या पोळ्यांवर. आणि थोड्याच दिवसांत तण पुन्हा हजर, आधीपेक्षा दाट.

हे कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत होते. "बघ, खत कसं मानवलंय!"

मी खुरपं त्यांच्या हातात कोंबलं.

"हातमोजे कुठायत माझे?"

"खड्ड्यात," मी म्हणाले. "फुकटचं खत होतंय त्यांचं."