बाळकृष्णाच्या गुडघ्यांतला गंज

"वच्छले, साधनाची सुई चुकू देजो नोको. लाडाची हाय ते, टाळाटाळ करते. तू मोठी जाऊ. तुलेच पाहा लागते."

सासूबाईंनी हे दवाखान्यातल्या खाटेवरून सांगितलं होतं आणि वच्छलाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून "हो" म्हटलं होतं. पुढे सासूबाई गेल्या, आवाज मात्र राहिला. सकाळी बाळकृष्णाला न्हाऊ घालताना तो यायचाच. मग वच्छलाबाई ओले हात पदराला पुसत, फ्रिजमधली इन्सुलिनची शिशी बाहेर काढून धाकट्या जावेसमोर ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "घे वं माय, आधी सुई, मंग चहा."

मोर्शीच्या मंगल कार्यालयात दर गुरुवारी प्राणाचार्य निरामयानंद महाराजांचं शिबिर सुरू झालं आणि साधना म्हणाली, "आता सुई नाही, जाऊबाई. माह्या अंगातला गंज उतरला."

हा गंज काय होता, ते ऐकायला शिबिरातच जायला हवं. कार्यालयात पाय ठेवायला जागा नसे. संत्र्याच्या बागा मजुरांवर सोडून बागाईतदार यायचे, भाजीवाल्या रिकाम्या टोपल्या काखेला मारून यायच्या. व्यासपीठावर भगवी शाल, पांढरी दाढी, गालाला चिकटलेला माईक, आणि त्यातून येणारा मधात बुडवलेला आवाज.

"सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं, हो की नाही? लोखंड पावसात ठेवलं की तांबडं पडतं, हो की नाही? तसंच तुमचं शरीर! ज्या ऑक्सिजनवर जगता, तोच आतून तुम्हाला खातो! शरीरात मोकाट फिरतात ते मुक्त मूलक. विज्ञान याला आज ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतं. आमचे ऋषी कधीचे म्हणून गेले, देहगंज!"

कुठल्या ग्रंथात म्हणून गेले, हे विचारायला ऋषी हजर नव्हते. ही त्यांची मोठीच सोय.

"तुमच्यापैकी प्रत्येकाच्या अंगात आज गंज चढला आहे!"

यावर पुढे बसलेल्या भाजीवाल्या मैनाबाई सरळ मनाने म्हणाल्या, "महाराज, गंज तर मी बी चढवून आली, तुरीच्या डाळीचा. पोरीले सांगून आली, करपू देजो नोको म्हणून."

सारं कार्यालय हसलं. वऱ्हाडात गंज म्हणजे पातेलं, तो चुलीवर चढतो. लोखंडाला चढतो तो जंग. महाराज दूरच्या गावचे, त्यांना हे कोण सांगणार? ते मात्र तयारीचे. "हसा, माऊली! तुमचं शरीर हाही एक गंजच आहे, आणि तो आतून करपतोय!" मग टाळ्या. मैनाबाईसुद्धा टाळ्या वाजवायला लागल्या.

त्यानंतर यायचा देहशोधन कुंभ. कुंभ म्हणजे प्लास्टिकचं घमेलं. त्यात फिल्टरचं स्वच्छ पाणी, पाण्यात भोकं पाडलेला सोनेरी डबा, डब्यातून निघालेली वायर लुकलुकणाऱ्या पेटीला. भक्ताने पाय बुडवायचे. महाराजांचा माणूस चंदन, झुबकेदार मिशांचा आणि सफारीतला, बरणीतून चिमूटभर 'शुद्धिलवण' सोडायचा आणि बटण दाबायचा. थोड्याच वेळात पाणी पिवळं, मग केशरी, मग गढूळ तांबडं. वर फेस. लोक आपल्याच पायांकडे असे पाहायचे, जणू ते शेजाऱ्याचे आहेत.

भिंतीवर तक्ता होता. केशरी रंग म्हणजे सांध्यांचा गंज, तांबडा म्हणजे रक्ताचा, पिवळा तवंग म्हणजे चरबी, फेस म्हणजे साखर. ज्याला जे दुखत असेल, त्याला ते त्या पाण्यात सापडायचं.

उपाय एकच, पेप्टामृत. "दुर्मीळ वनस्पतींचे अर्क आणि पेप्टाइड! प्रथिन हा मंत्र, पेप्टाइड हे त्याचं बीजाक्षर!" बाटलीवर किंमत छापलेली नव्हती. ती चंदन कानात सांगायचा, मंत्र द्यावा तशी. बाटली संपली की पुन्हा कुंभात पाय घालायचे, आणि काय आश्चर्य, पाणी नितळ!

साधनाचं पाणीही दुसऱ्या खेपेला नितळ राहिलं. "शुगरचा गंज साफ!" महाराज माईकमध्ये म्हणाले. साधनाच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षानुवर्षं पोटाला सुया टोचून घेतलेल्या बाईला याहून गोड वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं. घरी येऊन तिने सुया कचऱ्यात टाकल्या.

वच्छलाबाई त्याच दिवशी तिच्यासोबत होत्या. गुरुवार त्यांचा अळणी उपवासाचा. त्या दिवशी त्या मिठाला शिवत नाहीत, लग्नाच्या आधीपासूनचा नेम. साधनाने ओढून त्यांनाही कुंभाशी बसवलं. चंदनने बरणीत हात घातला, तशी त्यांनी विचारलं, "दादा, लवण म्हणजे मीठच न हो?"

"शुद्धिलवण आहे, ताई."

"शुद्ध असो का अशुद्ध, हाय तं मीठच. आज माहा अळणी नेम हाय. मले नोको टाकू."

चंदन घुटमळला. मागे रांग खोळंबलेली. त्याने बिनमिठाच्या पाण्यातच बटण दाबलं. पाणी जसंच्या तसं. पेटी लुकलुकत राहिली, पाण्याला काही तिची दया आली नाही.

महाराजांनी पाण्याकडे एक नजर टाकली. एकच. "पाहा! याला म्हणतात व्रताचं तेज! या माऊलीच्या देहात गंजाचा कणही नाही!"

बायका वच्छलाबाईंच्या पाया पडायला धावल्या. वच्छलाबाई संकोचून गेल्या. ब्लडप्रेशरची गोळी त्यांनी सकाळीच घेतली होती, आणि घमेल्यातून उठताना दोन्ही गुडघे नेहमीसारखे करकरले.

दोन दिवसांनी त्यांनी हे मुलीला सांगितलं. अपेक्षा अमरावतीच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती आणि सुटीला आली होती. आधी ती पोट धरून हसली. मग काकूला पाहून तिचं हसू गेलं. साधना माठाशी उभी राहून पेल्यावर पेला पाणी पीत होती.

"आई, पाण्यात मीठ नसलं तर करंट नीट जातच नाही. त्या डब्यात लोखंडाच्या पट्ट्या असतील. मीठ टाकलं, करंट गेला, की लोखंड गंजते. रंग त्याचा, पायाचा नाही!"

"मंग माहं पाणी साफ कसं झालं?" साधना तडकली. "तुमची विद्या म्हणजे साऱ्यालेच खोटं म्हनणं. ऑक्सिडेटिव स्ट्रेस बी खोटं काय?"

"ते खरं आहे, काकू. मी त्यावरच काम करते. संत्र्याच्या सालीचा अर्क काचेच्या ताटलीतल्या पेशींवर घालते, त्या कमी बिघडतात का ते पाहते. कधी कधी फरकही दिसतो. काही पेप्टाइडांचंही तसंच. पण ते ताटलीतलं आहे. ताटलीतल्या पेशीले नवरा, पोरं, डायबेटीस काही नसते! तिथून माणसाच्या औषधापर्यंत लय लांबचा रस्ता आहे."

"तुह्या ताटलीपेक्षा महाराजांचं घमेलं मोठं हाय," साधना म्हणाली आणि खोलीत जाऊन पडली. तिचा नवरा देवानंद दारात उभा राहून नखं कुरतडत होता. बाटल्या त्यानेच आणल्या होत्या, आता खोटं कसं म्हणणार?

उरलेला आठवडा तसाच गेला. साधनाचं तोंड सुकायला लागलं, डोळ्यांसमोर अंधारी यायला लागली. ती म्हणे, "गंज उतरून राहिला, थकवा येणारच." वच्छलाबाई रोज शिशी पुढे ठेवायच्या, साधना रोज तोंड फिरवायची. भांडणं वच्छलाबाईंना कधी जमलं नाही. त्या देवघरात जाऊन बसायच्या. बाळकृष्ण पितळेचा, रांगता, एका हातात लोण्याचा गोळा. पुढच्या गुरुवारी सकाळी न्हाऊ घालता घालता त्या त्याला म्हणाल्या, "बाप्पा, आज तुले दोनदा आंघोळ करा लागन. रागावू नोको."

शिबिरात साधना, देवानंद, अपेक्षा सारेच सोबत होते. महाराजांनी वच्छलाबाईंना ओळखलं. "या, निर्गंज माऊली, या!"

"महाराज, माह्याकडून चूक झाली," वच्छलाबाई इतक्या हळू बोलल्या, की महाराजांनी मोठ्या मनाने स्टँडवरचा दुसरा माईक ओढून त्यांच्या तोंडापुढे ठेवला. "आमच्या घरी नवीन काही आलं की पयले देवाले, मंग आमाले. मागच्या खेपेले मीच आधी पाय घातले. आज बाळकृष्णाले आणलं."

पदराआडून बाळकृष्ण निघाला. लोकांनी हात जोडले.

"पण देवाला गंज कसा असेल, माऊली?"

"नसनच न. मंग पाणी साफच राहीन. साऱ्याइले तुमच्या यंत्राची खात्री पटन."

देवाला नाही म्हणायची सोय नव्हती. महाराजांनी चंदनकडे पाहिलं. चंदनने बरणीवरचा हात अलगद मागे घेतला.

"लवण टाका न, दादा. अळणी नेम माहा हाय, त्याचा नाही. त्याले मिठाचं चालते." वच्छलाबाईंनी कागदाची पुडी सोडली. "तुमचं कशाले खर्च? घरचंच आणलं मी." हाताला न लागू देता त्यांनी थोडं मीठ पाण्यात ओतलंसुद्धा. मागून गर्दी ओरडली, "दाबा न बटन!"

बटण दाबलं गेलं. पाणी पिवळं झालं. मग केशरी. मग चांगलं गढूळ. वर फेस धरला.

मैनाबाईंना तक्ता पाठ झाला होता. "अवं बाई, केशरी म्हणजे गुडघे न?"

"रांगता हाय न तो," वच्छलाबाई शांतपणे म्हणाल्या. "रांगून रांगून झिजले असतीन."

"अन् हा पिवळा तवंग? चरबी!"

"लोणी कमी खाते काय तो?"

"अन् फेस? म्हणजे देवाले बी शुगर!"

हसण्याचा असा लोट उठला, की माईक किंचाळला. महाराजांनी दोन्ही हात वर केले. "भक्तहो, हसू नका! देव भक्तांचा गंज स्वतःवर घेतो! हा तुमचा गंज आहे!"

काही हात पुन्हा जोडले गेले. चंदनच्या चेहऱ्यावर रंग परतला.

वच्छलाबाईंनी बाळकृष्णाला बाहेर काढून पदराने पुसलं. घमेलं रिकामं केलं, स्वच्छ पाणी भरलं, उरलेलं मीठ टाकलं. आत कोणीच नाही, ना देव ना भक्त. बटण त्यांनी स्वतःच दाबलं. पाणी पुन्हा केशरी.

"आता हा कोणाचा गंज, महाराज?"

तेवढ्यात बायकांमधून साधना उठली. खुर्च्यांना धरत, थांबत थांबत पुढे आली. तिचा आवाज कोरडा पडला होता.

"मागच्या खेपेले... माह्या पाण्यात तुमी लवण टाकलं नव्हतं. मी विचारलं बी होतं. 'शुद्धी झाली, आता लवण नको,' असं म्हनलं या चंदनभाऊनं." ती चंदनकडे पाहत राहिली. "म्हणून साफ राहिलं काय रे माहं पाणी?"

चंदनने मिशांवरून हात फिरवला आणि पायांतल्या वायरीकडे पाहिलं.

अपेक्षाने पेटीचा प्लग काढला, सोनेरी डबा उचलला आणि टोपण फिरवलं. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या, कडा खाल्लेल्या, तांबड्या चिखलाने माखलेल्या. तिने त्या उंच धरल्या. "हा पाहा महाराजांचा देहगंज! मीठ टाकलं की पाण्यातून करंट जाते, लोखंड झिजते, त्याचा रंग पाण्यात उतरते. बुडबुडे उठतात त्याचा फेस. बाटली विकायची असली की मीठ टाकायचं, बाटली लागू पडली दाखवायचं असलं की टाकायचं नाही. बस, एवढीच सिद्धी!"

"म्हणजे जंग व्हय!" मैनाबाई कडाडल्या. "मंग जंग म्हना न सरळ! आमाले गंज म्हनून काहून फसवून राहिले?"

महाराजांना अचानक ध्यानाची वेळ झाल्याचं आठवलं. पण मागच्या दारात बागाईतदार उभे होते, आणि देवानंद नखं कुरतडणं सोडून पोलीस ठाण्याला फोन लावत होता. तेव्हा ध्यान तिथेच, खुर्चीवर बसून करावं लागलं.

माईक अजून वच्छलाबाईंच्या समोरच होता. त्यांना भाषण येत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "देवाले हात जोडा, मी बी जोडतो. त्याच्यासाठी मशीन लागत नाही. पण मशीनवर भरवसा ठेवायचा असन, तं पयले पाय न घालता चालवून पाहा. अन् डॉक्टरनं देलेलं औषध कोणी बंद करा म्हनलं, तं त्याले विचारा, काहून? उत्तर भेटेपर्यंत औषध चालू ठेवा. विचारल्यानं देव रागावत नाही. माहा तं रागावला नाही."

बाळकृष्ण त्यांच्या तळहातावर लोण्याचा गोळा धरून तसाच हसत होता.

बाहेर येईपर्यंत साधना भिंतीला टेकली होती. अपेक्षाने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, घरी काही करत बसू नका, लगेच अमरावतीला घेऊन या. देवानंद गाडी ठरवायला धावला.

"जाऊबाई, तुमची सांजची आरती राहीन," साधना पुटपुटली. "नेम मोडन तुमचा."

"माह्या सासूले मी एक नेम बोलली होती. तो पयले."

वच्छलाबाईंनी बाळकृष्ण अपेक्षाच्या हातात दिला. "याले साध्या पाण्यानं न्हाऊ घाल. मीठ चांगलं धू. अन् निरांजन लावजो." पुढे काही न बोलता त्या गाडीत शिरल्या, साधनाचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पिशवीत हात घालून चाचपून पाहिलं. डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या होत्या, पाण्याची बाटली होती, आणि सकाळी निघतानाच ओल्या फडक्यात गुंडाळून घेतलेली शिशी अजून गार होती.