पाठकोऱ्या कागदावरचा नकार

मी एक जुना प्रिंटर आहे. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला सांगण्याजोगी आहे की नाही, मला नीट ठाऊक नाही. पण तो दिवस आठवला की माझे रूळ अजून थरथरतात!

भंडाऱ्यात पितळी भांडी बनवणाऱ्या केशवरावांनी मला विकत आणले. पहिला कागद सरसर बाहेर आला, तेव्हा भट्टीवरचे कामगारही बघायला धावले होते. पुढे मी म्हातारा झालो, कागद चावू लागलो आणि कारकून परसराम मला चापट्या मारून चालवू लागले. त्यांची काटकसर मोठी. एका बाजूने वापरलेले कागद ते जपून ठेवत आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर माझ्याकडून पत्रे छापून घेत.

मागच्या महिन्यात ऑफिसात एक जागा निघाली. लाखांदूरची रंजिता रामटेके मुलाखत देऊन गेली. चार दिवसांनी मी तिचे पत्र छापले : 'गुण कमी पडल्याने निवड झाली नाही.' छापता छापता कागदाची दुसरी बाजू मला दिसली आणि मी हादरलो. तो मुलाखतीच्या गुणांचाच तक्ता होता! रंजिता पहिली! आणि तिच्या नावापुढे केशवरावांच्या अक्षरात : 'बौद्ध. भट्टीची पूजा करणार नाही. नको.'

ओरडावेसे वाटले, पण मी छापलेच. परसरामांनी न बघता ते पाकिटात घातले.

तिसऱ्या दिवशी रंजिता एसटीने थेट हजर! तिने पत्र उलटे करून टेबलावर ठेवले.

"सर, गुन कोनाचे कमी पडले?"

केशवरावांचा चेहरा उतरला. "रोज भट्टीची पूजा ही इथल्या प्रत्येकाची रीत आहे, बाई. ऑफिसातल्यांचीसुद्धा."

"मी मुलाखतीतच सांगतलं होतं, हात जोडून उभी राहीन, पूजा नाही करनार. तेवढ्यासाठी माही नोकरी गेली?"

दारातून भट्टीवाला कुंदन म्हणाला, "मालक, पूजा तं रोज मीच करतो. परसरामभाऊ तं नारळ फुटल्यावर येते, खोबरं खायले!"

सगळे हसले. परसराम मात्र लाल झाले.

"सोमवारपासून या," केशवराव पुटपुटले.

"लिहून द्या. अन् आधीचं कारन खोटं होतं, हेही लिहा. नाहीतर माही तक्रार तयार आहे."

केशवरावांनी त्या कागदावरचे आपलेच अक्षर पुन्हा वाचले. मग म्हणाले, "परसराम, दोन्ही लिहा."

मित्रांनो, मी काय छापले म्हणून सांगू! ठसठशीत, काळेभोर!

जुन्या यंत्रावरची धूळ पुसत जा, त्याची शाई सुकू देऊ नका. आणि एवढे ऐका : खोट्या ओळीला मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते.