कुवेतची सवय

लढाई पेटली तेव्हा कुवेतहून गोपीनाथ हात हलवत परत आला. टेपरेकॉर्डर नाही, ब्लँकेट नाही. बरोबर आली ती ब्रेक दाबायची तिथली सवय, आणि तीच आता त्याच्या मुळावर उठली होती.

तिथे तो कंपनीची नवीकोरी अमेरिकन पिकअप चालवायचा. इथे कळव्यात पंढरीशेठची खटारा पिकअप नशिबी आली. सकाळी कोळणी आणि मासळीच्या पाट्या घेऊन कल्याणचा बाजार गाठायचा, दुपारी त्याच बायका आणि रिकाम्या पाट्या घेऊन परतायचं. माणूस थकून गेला होता. पण घर याच चावीवर चाललं होतं.

परवा परतताना शिळफाट्याच्या अलीकडे घोळ झाला. टँकरच्या पाण्याने रस्ता ओला आणि समोर म्हैस. गोपीनाथने ब्रेक दाबला तो दाबूनच धरला. मागची चाकं जाम झाली, गाडीचा मागचा भाग फिरला आणि गाडी खड्ड्याच्या काठाशी आडवी थांबली. मागे बसलेल्या तुळसाचं तोंड फळीवर आपटून दोन दात गेले. महिन्याभरात ही दुसरी खेप.

"बायका बसायला तयार नसतील तर चावी ठेवून जा," पंढरीशेठने सांगितलं.

सुजल्या तोंडाने तुळसा म्हणाली, "त्याची बायको बसंल का गारीत? जनी बसली तर आमी बसू."

जनी कळवा नाक्यावर मासळी विकायची. तुळसाची अट तिच्या कानावर गेली होती. दुपारी घरी येऊन तिने नवऱ्यापुढे ताट ठेवलं आणि सरळ विचारलं, "तुमाला गारी चालवता येते का नाय?"

जेवता जेवता त्याने तिला सगळं समजावलं. रिकामी पिकअप मागून हलकी असते. जोरात ब्रेक लागला की मागची चाकं फिरायची थांबतात आणि नुसती घसरत जातात. तिथल्या गाडीत चाकांवर नजर ठेवणारं यंत्र होतं. चाक जाम होऊ लागलं की ते ब्रेक क्षणभर सैल करायचं, परत आवळायचं, परत सैल, डोळा लवतो न लवतो तोच कितीदा तरी. ड्रायव्हरने फक्त दाबून धरायचं. पायाखाली पेडल थरथरलं की समजायचं, यंत्र कामाला लागलं.

"हितं ता काम आपल्याच पायान् कराचा. दाबाचा, सोराचा, परत दाबाचा. मना म्हायती हाय. पन ऐन टायमाला पाय थरथरीची वाट बघीत ऱ्हातो."

"म्हंजे तुमी सोराला इसरलाव," जनी म्हणाली.

गोपीनाथला लाज वाटली. कुवेतला जाण्याआधी इतकी वर्षं ट्रक हाकले, आणि आता आपलाच पाय आपलं ऐकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आपली पाटी घरी ठेवून जनी त्याच्या शेजारी जाऊन बसली. ते बघून बायका मागे चढल्या, तुळसा सगळ्यात शेवटी. मासळीचं वजन होतं म्हणून जाताना गाडी गुणी मुलीसारखी चालली. परतीला काटईजवळ रस्त्यावर खडी सांडलेली, आणि गल्लीतून एक सायकलवाला थेट समोर आला.

गोपीनाथने ब्रेक दाबला. पाय तसाच खाली राहिला. गाडी मागून ओढ घेऊ लागली.

"सोर!" जनीची मूठ त्याच्या गुडघ्यावर बसली. "सोर, अरे सोर!"

अख्ख्या संसारात तिने नवऱ्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. पाय दचकून वर आला.

"दाब! सोर! दाब!"

गाडी नाकासमोर सरळ गेली आणि थांबली. सायकलवाला शिव्या घालत निघून गेला. मागे तुळसा पापलेटचा भाव सांगत होती, ती सांगतच राहिली. काही झालं होतं हे तिला कळलंही नाही.

गोपीनाथने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्याला रडू आलं, आणि ते लपवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"उद्या पन मीच बसनार हितं," जनी म्हणाली.

"आनि नाक्यावरचा तुजा धंदा?"

"ऱ्हाऊं दे."

"किती दिस बसशील अशी?"

"तुमी सोराला शिकाल तवर," ती पुन्हा अहो-जाहोवर आली. "चला, बायका खोळंबल्यान."