नेनाशचा वंश

अबोली केळकरनं आंद्रेई नेनाशेवशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हापासून कॅनडातल्या रिचमंड हिलमधल्या केळकरांच्या घरात धुसफूस चालली होती. तिचे बाबा अरविंद, निवृत्त इंजिनियर, नवनव्या हरकती काढत आणि अबोली त्या खोडून काढी. २००९च्या हिवाळ्यात मात्र त्यांना आयतंच कारण मिळालं. कम्युनिटी सेंटरमध्ये बॅडमिंटन खेळणाऱ्या एका रशियन गृहस्थांनी त्यांना या आडनावाचं मूळ सांगितलं: नेनाश म्हणजे आमचा नसलेला.

"आपला नाही, हे त्याच्या नावातच आहे," जेवताना बाबा म्हणाले.

ते अबोलीच्या जिव्हारी लागलं, पण गप्प बसणारी ती नव्हे. दुसऱ्याच दिवशी तिनं हे आंद्रेईच्या आजीला, व्हेराबाईंना, सांगितलं. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, मला तुझ्या घरी ने.

रविवारी भर बर्फात त्या आंद्रेईला घेऊन आल्या. अबोलीच्या आईनं केलेली साबुदाण्याची खिचडी त्यांनी पुन्हा मागून घेतली. मग त्या रशियनमध्ये सांगू लागल्या आणि आंद्रेई इंग्रजीत. त्यांच्या सासरच्या कुळात फार पूर्वी एका बाईची मुलं पाळण्यातच जात. पुढचा मुलगा झाला, तशी ती दारात उभी राहून ओरडली, हा आमचा नाही. मृत्यूनं ऐकावं आणि आल्या वाटेनं परत जावं म्हणून. पोराचं नावच नेनाश पडलं. तो जगला, आणि त्याचा वंश तो नेनाशेव, म्हणजे नेनाशचा.

अबोलीच्या मनात लख्ख काहीतरी चमकलं. कॅनडात आल्यापासून बाबा वडिलांचं नाव कधी पूर्ण सांगत नसत, नुसतं 'डी' म्हणून भागवत.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आजोबांचं नाव सांगा ना त्यांना."

"धोंडो," बाबा म्हणाले. "त्यांची आधीची भावंडं गेली, म्हणून माझ्या आजीनं दगडाचं नाव ठेवलं. दगड कोण उचलून नेणार?"

आंद्रेईनं ते सांगताच व्हेराबाई उठल्या आणि त्यांनी बाबांचे दोन्ही गाल हातांत धरले.

"नाश," त्या रशियनमध्ये म्हणाल्या. म्हणजे आमचा.

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी आंद्रेईला जवळ बोलावलं आणि लग्नाची तारीख कधीची धरायची, ते विचारलं.

जूनमध्ये एटोबिकोतल्या हॉलच्या पार्किंग लॉटमध्ये ढोल-ताशे कडाडले. आंद्रेईच्या वरातीच्या पुढे फेटा बांधलेले बाबा नाचत होते, आणि व्हेराबाई त्यांना थांबू देत नव्हत्या. दारात नऊवारीत उभी असलेली अबोली ते बघत राहिली, मान ताठ करून, डोळे न पुसता.