राकेशचा पायगुण

आमचा क्लब, कसबा स्पोर्टिंग, यंदाच्या मोसमातले पहिले चार सामने हरला तेव्हा मी काही खूश नव्हतो, पण निवांत होतो. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला स्पर्धा नसते.

बावीस वर्षं मी हा क्लब बघतो आहे. स्थानिक लीगच्या दुसऱ्या विभागात आम्ही इतके रुळलो आहोत की वरच्या विभागात जायचं म्हटलं की जागा बदलल्यावर झोप लागेल की नाही अशी काळजी वाटते. मी सदाशिव पेठेत राहतो, विमा कंपनीत अधिकारी आहे आणि फुटबॉलला आयुष्यात एकदाच पाय लावला आहे, तोही चेंडू अंगावर आला म्हणून. तरी क्लबात मला मान आहे. तो फळ्यामुळे.

कसबा पेठेत तांब्याच्या भांड्यांच्या एका दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर क्लबाचा फळा आहे. दर शुक्रवारी मी कचेरीतून परस्पर तिथे जातो आणि रविवारचा सामना लिहितो. कोणाशी, कुठे, किती वाजता. त्याखाली एक वाक्य माझं. ‘प्रतिस्पर्धी दुबळा आहे, तरी आपण प्रयत्न करावा.’ ‘मागच्या रविवारचा गोल आपणच केला होता. जाळंही आपलंच होतं.’ लोक स्कूटर थांबवून वाचतात. खेळाडू बहुतेक आसपासच्या बोळांतले. येता-जाता फळा बघतात आणि रविवारी हजर होतात. मध्ये क्लबाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला होता. त्यावर सुप्रभात आणि गुलाबाची फुलं इतकी आली की सगळ्यांनी तो म्यूट करून टाकला. तेव्हा वेळ ती फळ्यावरची. ‘आपला फळा खोटं बोलत नाही,’ असं उत्तरेश्वर सर नव्या पोरांना सांगतात. सर आमचे प्रशिक्षक, एरवी महापालिकेच्या शाळेत पीटी शिकवतात.

चार पराभवांना कारणं होती. आमचा गोलकीपर आमोद यंदा वाघोलीच्या कॉलेजात गेला आणि तिकडेच राहायला लागला. दोन बस बदलून तो मैदानावर पोचायचा तेव्हा मध्यंतराची संत्री सोलून व्हायची. तोवर गोलमध्ये शंभू उभा राहायचा. शंभू हा डावा बचावपटू. चेंडू हाताने अडवायला परवानगी आहे ही गोष्ट त्याच्या अंगवळणी पडायची होती. मी फळ्यावर लिहिलं, ‘गोलकीपर पोचल्यास सामना होईल.’ चौकात त्याचं कौतुक झालं.

पाचव्या सामन्याला राकेश ढोके आला.

मैदानाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवर, कडुनिंबाच्या सावलीत, मी बसतो. तिथे तो बसला होता. तिशीचा, यवतमाळचा, खराडीत सॉफ्टवेअरमध्ये, राहायला वाघोली.

“ही माझी जागा आहे,” मी म्हणालो.

“बसा ना जी काका. दोघं मावतो की.”

“वाघोलीत फुटबॉल नसतो का?”

“असते ना. पण तिथं सोसायटीतले पोट्टे टर्फवर खेळते. तासाच्या बोलीवर. पाहाले मजा नाही येत.”

आमच्या क्लबाचा पत्ता त्याला कोणी दिला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं. तो सामना आम्ही दोन-शून्य जिंकलो. सहावा एक-शून्य. सातव्यात तीन गोल केले, तेही समोरच्यांच्या जाळ्यात. पायरीवर राकेश शिट्टी वाजवायचा, खेळाडूंना नावाने हाका मारायचा, मध्यंतरात लिंबूपाण्याचा थर्मास फिरवायचा. तिसऱ्या रविवारी पोरं गोल करून पायऱ्यांकडे धावत आली. मी उठून उभा राहिलो. ती राकेशला मिठी मारून परत गेली. मी पॅन्ट झटकली आणि बसलो.

“पायगुण आहे दादाचा,” शंभू म्हणाला.

नवी सून घरात आली आणि नवऱ्याला बढती मिळाली की म्हणतात तो पायगुण. त्यात एक अडचण असते. एकाचा चांगला निघाला की लोकांना दुसऱ्याचा आठवायला लागतो.

“काका, तुम्ही किती वर्षं येताय?” शंभूने विचारलं.

“बावीस.”

“आणि आपण सेकंड डिव्हिजनला किती वर्षं?”

“तेवीस.”

त्याने विचार केला. “म्हणजे पहिलं वर्ष तुमच्यावर नाही.”

घरी बायकोला, सरोजिनीला, सांगितलं. ती मेथी निवडत होती. “अहो, नव्या सुनेचं कौतुक चार महिने असतं,” ती म्हणाली. “सासूने धीर धरावा.”

सासूने धीर धरलाही असता. पण आठव्या सामन्याच्या शुक्रवारी मी फळा पुसत असताना उत्तरेश्वर सर आले. सामना बाणेर युनायटेडशी होता. ते पहिल्या क्रमांकावर, आम्ही चौथ्यावर. जिंकलो तर वर जाण्याची भाषा करता येणार होती.

“पोरं एक म्हणत होती,” सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर शाळेत पालकांना बोलावल्यावर येतो तसा भाव होता. “रविवारी जिंकलो, तर पुढच्या महिन्यापासून फळा राकेशकडे द्यावा. त्याचा हात लागलेला बरा. तुम्हालाही कचेरीतून इकडे वाकडी वाट करावी लागते.”

“मला वाट वाकडी पडत नाही.”

“तसं नाही हो. आपण वडीलधारे आहात.”

पुण्यात एखाद्याला ‘आपण’ म्हणून वडीलधारा केलं की त्याच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असतं. मी सामना लिहिला. बाणेर युनायटेड, शिवाजीनगरचं मैदान, दुपारी अडीच. खालचं वाक्य सुचलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती ओळ कोरी राहिली.

राकेश वाघोलीचा असल्यामुळे त्याला फळा दिसत नसे. दर शनिवारी तो मला फोन करून वेळ विचारायचा. या शनिवारीही केला.

“काका, किती वाजता आहे जी उद्या?”

“साडेचार,” मी म्हणालो.

हे उत्तर माझ्या तोंडून कसं निघालं वगैरे मी म्हणणार नाही. मी शुक्रवारी रात्रीपासून त्याची तयारी करत होतो. माझा हिशेब सरळ होता. राकेश येणार साडेचारला, तोवर सामना संपलेला. त्याच्याशिवाय क्लब जिंकला की पायगुण खलास. क्लब जिंकावा असंच मला वाटत होतं, मनापासून. फक्त तो त्याच्या गैरहजेरीत जिंकावा.

“बरं जी,” राकेश म्हणाला. मागे कोणीतरी हसत होतं आणि कुकरची शिट्टी होत होती. मी फोन ठेवला.

रविवारी दोनलाच मी माझ्या पायरीवर जाऊन बसलो. सबंध पायरी माझी होती. पाय पसरले. दोन वाजून पंधरा मिनिटांनी सर खाली येरझाऱ्या घालायला लागले.

“आमोद कसा आला नाही?” ते म्हणाले. “राकेश दिसला का तुम्हाला?”

“राकेशचा काय संबंध?”

“म्हणजे? त्याच्याच गाडीवर येतो ना आमोद. दोघं एकाच बिल्डिंगमध्ये. तो मागच्या फाटकापाशी त्याला सोडतो, मग गाडी लावून वर येतो. म्हणून तर पोरगा वेळेत पोचायला लागला. तुम्ही बघितलं नाहीत कधी?”

नव्हतं बघितलं. तीन रविवार मी राकेशचा थर्मास बघत होतो. मागचं फाटक माझ्या पायरीवरूनच दिसतं.

मी कडुनिंबामागे जाऊन फोन लावला. “राकेश, अरे, वेळ बदलली. अडीच.”

“अडीच? आता दोन वीस झाले काका.”

“हो.”

“आम्ही आत्ता जेवायला बसून राहिलो होतो. निघतो.”

वाघोलीहून शिवाजीनगर म्हणजे नगर रोड. रविवारी दुपारीही त्या रस्त्यावर माणसं कुठे जात असतात हे कोणालाच माहीत नाही, त्यांनाही नसावं. शंभू ग्लोव्हज घालून गोलमध्ये उभा राहिला. ते त्याला सैल होत होते. पहिला गोल त्याच्या पायांमधून गेला. दुसरा डोक्यावरून. तिसऱ्या वेळी त्याने चेंडू नीट पकडला आणि तोल जाऊन चेंडूसकट जाळ्यात गेला. मध्यंतराला शून्य-तीन. संत्री कोणी खाल्ली नाहीत.

“दादा आला नाही म्हणून झालं हे,” शंभू म्हणाला. मुलं माना हलवत होती. मीही हलवली. वडीलधाऱ्याने मान हलवली तर शोभून दिसतं.

उत्तरार्धाची दहा मिनिटं झाली आणि मागच्या फाटकातून मोटारसायकल आत आली. मागे आमोद, ग्लोव्हज घालून बसलेला. तो उडी मारून उतरला तसं सरांनी एकाला बाहेर काढून त्याला आत घेतलं आणि शंभू पळत डाव्या बाजूला गेला. त्यानंतर आमच्यावर गोल झाला नाही. आमोदने दोन चेंडू असे अडवले की बाणेरच्या पोरांनी डोक्याला हात लावले. आम्ही दोन केले. सामना दोन-तीन हरलो; अजून पाच मिनिटं मिळाली असती तर हरलो नसतो, हे पंचांसकट सगळ्यांना कळत होतं.

संपल्यावर पोरं घोळक्याने राकेशभोवती. “दादा नव्हता, तीन खाल्ले. दादा आला, दोन मारले. लिहून घ्या,” शंभू म्हणाला. पायगुण मोडायला गेलो आणि मीच त्याचा पुरावा तयार केला, मिनिटांसकट.

सर मात्र चिडले होते. “आमोद, अडीच म्हणजे अडीच. फळ्यावर लिहिलेलं असतं.”

“पण सर, फोन तर स्पीकरवर होता,” आमोद म्हणाला. “काका तर—”

“माझंच चुकलं सर,” राकेश मध्ये म्हणाला. “वेळ ध्यानात नाही राहिली माझ्या.” त्याने थर्मास उघडून आमोदच्या हातात पेला दिला. “पी आधी. मग बोल.”

आमोद प्यायला. मग बोलला नाही. माझ्याकडे मात्र त्याने एकदा बघितलं. पोरगा गोलकीपर आहे, नजर स्थिर.

राकेशने एक पेला मलाही दिला. मी घेतला. ते लिंबूपाणी चांगलं होतं. साखर बेताची, मीठ बेताचं, आल्याचा थोडासा रस. आमच्या घरी असं होत नाही.

तो आठवडा मी वाट बघितली. राकेशने कोणाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. चौकात कोणीतरी टोमणा मारला असता, मी उलट मारला असता, प्रकरण मिटलं असतं. कोणी काही बोललं नाही. सरोजिनीने एकदा विचारलं, “सून नांदते आहे ना?” मी म्हणालो, “नांदते आहे. सासूची तब्येत बरी नाही.”

शुक्रवारी फळ्यापाशी गेलो तर राकेश तिथे उभा. वाघोलीहून, कामाच्या दिवशी, पाठीला लॅपटॉपची बॅग. तांब्याच्या दुकानाचे मालक त्याला चहा देत होते. मला त्यांनी बावीस वर्षांत पाणी तेवढं विचारलं आहे.

“म्हटलं, वेळ आपणच येऊन पाहावी,” तो म्हणाला. आवाजात काही नव्हतं. मी शोधलं.

मी खडूची डबी त्याच्यापुढे धरली. “घे. फळा तुझ्याकडे द्यायचं ठरतंच आहे.”

“हरलो की आपण. जिंकलो तर द्यायचा होता ना?” हेही त्याला माहीत होतं. त्याने डबीतून एकच खडू घेतला. “वेळ मी लिहितो काका. खालचं वाक्य तुम्ही लिहा. ते मले नाही जमत.”

तो लिहायला लागला. अक्षर मोत्यासारखं. शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे खाली आली नाही. बावीस वर्षं माझी ओळ उजवीकडे उतरत गेलेली चौकाने बघितली आहे.

“कुठे शिकलास?”

“आमचे बाबा. बाबुराव पेंटर म्हणते त्याईले यवतमाळात. दुकानाच्या पाट्या रंगवत. मी डबा धरायचो.”

येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी दोघं थांबले. वाक्य अजून लिहिलंच नव्हतं, तरी थांबले. राकेशने शेवटी ‘दुपारी ३.००’ काढलं, त्याखाली एक रेघ ओढली आणि थोडा विचार करून दुसरी ओढली. मग खालची ओळ माझ्यासाठी सोडून बाजूला झाला.

मी खडू हातात घेऊन उभा राहिलो. सुचत होतं बरंच. पावसावर होतं, प्रतिस्पर्ध्यावर होतं, शंभूच्या ग्लोव्हजवर एक फारच चांगलं होतं. ते सगळं सोडून मी लिहिलं, ‘वर दिलेली वेळ खरी आहे.’

शंभू भाजीची पिशवी घेऊन चालला होता. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं. “काका, यात जोक कुठाय?”

“नाही आहे.”

“मग कशाला लिहिलं?”

राकेशने हातावरचा खडू झटकला आणि दोन पावलं मागे जाऊन फळा बघितला, वरून खालपर्यंत. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “राहू द्या.” मग त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्या ओळीसकट फळ्याचा फोटो घेतला, ग्रुपवर टाकायला. मीही म्यूट केलेला ग्रुप उघडून बघितला. फोटोत त्याचं अक्षर आणखीच चांगलं दिसत होतं.