तळ्याला झेपत नाही

श्रुतिकाचं लग्न पुण्याला झालं ते दोन हजार चोवीस साल. फेब्रुवारीअखेरचा मुहूर्त होता, आणि इकडे मुंबईत तेव्हापासूनच उकाड्याने जीव नकोसा केला होता. एकुलत्या नातीचं लग्न, पण मांडवात आजी-आजोबा नव्हते. रत्नप्रभाची उजवी बाजू अर्धांगाने गेलेली, तिला एवढ्या लांब नेणं शक्य नव्हतं, आणि तिला टाकून काशीराम जाणार नव्हता. मुलाने, राजेशने, फोनवर मंगलाष्टकं ऐकवली. आवाज तुटत होता. रत्नप्रभाने डाव्या हाताने चार तांदूळ फोनच्या काचेवर टाकले. ते घरंगळून पलंगाखाली गेले, आणि काशीरामने ते तिथेच राहू दिले.

मुलुंडला टेकडीच्या पायथ्याशी जिथे त्यांची चाळ होती, तिथे आता उंच इमारत उभी होती. अकराव्या मजल्यावर ही दोघं. चाळीतली माणसं त्याच इमारतीत होती म्हणतात, पण दारं बंद झाली की कोण कुठे राहतं ते कळत नाही. दिवसभरात घरात बोलणं असं व्हायचं ते सकाळी, तेही मोजकं.

इमारतीमागे, पिंपळाखाली, एक जुनं तळं होतं. रत्नप्रभाचं माहेर सिंधुदुर्गातलं. तिच्या गावच्या नदीत एक कोंड होती, खोल डोहच. त्या कोंडीतले मासे देवाचे. त्यांना कोणी गळ लावायचं नाही, उलट पायरीवर उभं राहून मूठभर कुरमुरे टाकायचे. मासे तोंडं वासून वर आले की घरावर देवाची नजर आहे असं समजायचं. नवी नवरी म्हणून ती मुंबईला आली आणि ही रीत तिने ह्या तळ्याला लावली. पुढे काशीरामची गिरणी बंद पडली, राजेश पुण्याला गेला, पण कुरमुरे चुकले नाहीत. तिची उजवी बाजू गेल्यावर ते काम काशीरामकडे आलं. तरी पिशवी तीच भरायची. डबा उशाशी, डावा हात आत घालायचा, आणि सांडत-सांडत एकेक मूठ पिशवीत. तिच्या हातून होणारं तेवढंच एक काम आता उरलं होतं.

तो परत आला की ती माशांचं विचारायची, "इले?"

"इले गो."

एवढंच. त्यावर दिवस निघायचा.

त्या वर्षी मार्चमध्ये मासे कधी नव्हे इतके वर येऊ लागले. उजाडायच्या सुमाराला पाहावं तर पायरीपासून पार मध्यापर्यंत तोंडंच तोंडं, उघडमीट चाललेली. काशीरामला भरून आलं. नातीचं लग्न झालं, देव पावला, असं त्याला वाटलं. घरी येऊन तो चपला न काढताच बोलला, "सगळा तळा वर इला गो! तोंडां उघडून उभे रवतत."

रत्नप्रभाचा अर्धा चेहरा हसला. "भुकेले आसतले. जास्ती घाला."

म्हणून जास्ती घालणं सुरू झालं. एकाच्या दोन पिशव्या झाल्या. मग उरलेला भात, मग चपातीचे तुकडे. इकडे पाणी हिरवं होत होत पार कालवलेल्या रंगासारखं दाट झालं. बांधावरच्या खांबावर बसणारा खंड्या दिसेनासा झाला. चतुर गेले, डास आले. काशीरामच्या हे नजरेखालून गेलं, पण त्याने मनावर घेतलं नाही. तो तोंडं बघत होता.

एप्रिलमध्ये तिथे एक मुलगी येऊ लागली. गंधाली तिचं नाव, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. दोरीला बांधलेली नळी पाण्यात सोडायची आणि आकडे बघायची. दोन दिवस तिने नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी काशीरामने पिशवी उलटी केली तशी ती म्हणाली, "आजोबा, प्लीज, नका ना टाकू."

"का गं? तुझ्या बापाचं तळं आहे?"

"नाही हो. पण ते खायला नाही आलेत."

"मग काय माझं तोंड बघायला आलेत?"

ती हसली, पण हटली नाही. पायरीवर बसून तिने सांगितलं. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते. मासे त्या हवेवर जगतात, आणि गरमीत त्यांना ती जास्तच लागते. शेवाळ खाणारे बारीक किडे असतात, डोळ्यांना धड दिसतही नाहीत. ते ह्या उन्हात टिकले नाहीत, म्हणून शेवाळ माजलं. त्या किड्यांवर माशांची पिल्लं जगायची, ती राहिली नाहीत. पिल्लं नाहीत म्हणून खंड्या उडून गेला. शेवाळ रात्री उरलीसुरली हवा ओढून घेतं, आणि जे अन्न वाया जातं ते कुजताना आणखी ओढतं.

"म्हणून पहाटे ते वर येतात. श्वास घ्यायला. भूक नाहीये ती."

"आमच्या कोंडीत पण असेच येतात," काशीराम चढ्या आवाजात म्हणाला. "तू शिकव तुझ्या मास्तरला."

"तिथे वाहतं पाणी असेल, आजोबा. इथे कुठून वाहणार? आणि एक सांगू? तुम्ही टाकलेलं खातात का, ते तर बघा."

त्याने पाहिलं. कुरमुरे पाण्यावर फुगून पडले होते. एकही तोंड त्यांच्याकडे वळत नव्हतं. एक कुरमुरा एका मोठ्या माशाच्या ओठाला लागला आणि तसाच बाजूला सरकला.

काशीराम गिरणीच्या साचेखात्यातला माणूस, मागावर कापड विणणारा. सूत तुटू नये म्हणून तिथे वाफ सोडायचे. मे महिन्यात त्या वाफेत उभं राहून पाळी करायची, आणि सुट्टीचा भोंगा झाला की डबे तसेच टाकून सगळी माणसं खिडक्यांना तोंडं लावायची. मोठ्ठं तोंड उघडून. त्या वेळी कोणी पुढे घास केला असता तर त्याच्या कानफटात बसली असती.

तो पिशवीची घडी करून घरी आला.

"इले?"

"इले."

दुसऱ्या दिवसापासून तो भरलेली पिशवी घेऊन खाली जायचा, पिंपळाच्या पारावर बसायचा, आणि तशीच पिशवी घेऊन वर यायचा. रत्नप्रभाला डुलकी लागली की कुरमुरे हळूच डब्यात ओतायचा. ती विचारायची, तो हो म्हणायचा. खोटं म्हणावं तर तेही खोटं नव्हतं. मासे रोजच वर येत होते. पण हे काम तिच्या हातून काढून घेतलं तर त्या पलंगावर काय उरणार, ह्या विचाराने त्याची जीभ उचलत नव्हती.

आठवडाभराने पिशवी भरता-भरता तिचा हात थांबला.

"डबो रिकामो होवक नाय," ती म्हणाली.

काशीराम खिडकीकडे बघत राहिला.

"मेले?"

"नाय. पण आपण घातला तर मरतले." मग त्याने सगळं सांगितलं. किडे, शेवाळ, हवा, साचेखात्याच्या खिडक्या. ती ऐकत होती. सांगून झाल्यावर तिने झाकण घेतलं, डाव्या हाताने डब्यावर ठेवलं, आणि नीट बसेपर्यंत दाबत राहिली. त्यानंतर तिने विचारणं सोडलं. तो तळ्यावरून आला की ती छताकडे बघत असायची. पंख्याचा आवाज तेवढा घरात असायचा. चाळ पाडली तेव्हासुद्धा काशीरामला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

मे महिना अर्धा सरला तेव्हा एक दिवस आभाळ दाटलं, पण पाऊस आला नाही, वाराही पडला. दुसऱ्या सकाळी काशीराम खाली गेला तर वास पिंपळापर्यंत आला होता. सगळं तळं पांढरं. मासे पोटं वर करून एकमेकांना चिकटून पडलेले. घारी घिरट्या घालत होत्या. पालिकेची माणसं जाळ्याने मासे काढून गाडीत टाकत होती. बांधाच्या पलीकडच्या टोकाला गंधाली उभी होती. तिने हात वर केला नाही, त्यानेही नाही.

तो वर आला. पाय धुतले. रत्नप्रभाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि कित्येक दिवसांनी विचारलं, "इले?"

"गेले गो. सगळे."

तिने उशाच्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाली, "भुकेन नाय मा गेले?"

"नाय गो. भुकेन नाय."

"मगे बरां," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने त्याच्या ओल्या मनगटाला धरलं. चहा गार होईपर्यंत सोडलं नाही.

रत्नप्रभाच्या दहाव्याला राजेश-श्रुतिका सगळी आली होती. पारावर विधी झाला, कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, आता पिंड तळ्यात सोडा. काशीरामने ताट उचललं, दोन पायऱ्या उतरला, आणि परत वर आला. पिंपळाच्या मुळाशी माती उकरून त्याने पिंड तिथे ठेवला.

"बाबा, काय करताय?" राजेश कुजबुजला. "लोक बघतायत."

"बघू दे. तळ्याला झेपत नाही रे."

रत्नप्रभा गेली ती एकोणतीस मे दोन हजार चोवीसला, बुधवारी सकाळी, झोपेतच. मासे तिच्या आधी गेले.